दाभणाचं भोक

कॉम्प्युटर चुकत नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या गावाला प्यायला पाणी नव्हतं. ते म्हणणारे साहेब फार सज्जन होते, असं लातुरातले जुने लोक अजून सांगतात. मला ते सांगता येत नाही.

जिल्हा नुकताच नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत होत्या, कपाटं जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेली होती. मी नांदेडला बी.एस्सी. झालो होतो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. थोरल्या भावानं शेतीसाठी शाळा सोडली म्हणून मला कॉलेज दिसलं. वहिनी भाकरीचा डबा एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची, आणि तो डबा उदगीरला गाडी बदलून नांदेडला माझ्यापर्यंत यायचा. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरलो नाही. थोडे उपकार मला कॉम्प्युटरचेही वाटायचे, कारण नोकरी त्याच्यामुळे लागली होती.

कॉम्प्युटर अर्थातच लातुरात नव्हता, मुंबईत होता. मला कामाच्या शिक्षणाला पाठवलं तेव्हा मी तो पाहिला. शाळेच्या चार वर्गांएवढा हॉल, त्यात ओळीनं लोखंडी कपाटं, काचेमागं फिरणाऱ्या टेपच्या थाळ्या. भर मे महिन्यात तिथले ऑपरेटर स्वेटर घालून बसत. मशीनला गारवा लागतो, म्हणून गच्चीवरच्या यंत्रातून पाणी सारखं धबधबत असे. तेव्हा मला त्या पाण्याच्या आवाजाचंसुद्धा कौतुक वाटलं होतं.

आमच्या कचेरीत फक्त पंचिंगचं यंत्र होतं आणि ते चालवणारा मी. जाड कागदाचं लांबट कार्ड यंत्रात सरकवायचं, कळ दाबली की त्यात बारीक भोक पडायचं. कोणत्या रकान्यात कुठं भोक आहे, त्यावरून मुंबईच्या मशीनला आकडा कळे. डावीकडच्या पहिल्या रकान्यांत जिल्ह्याचा नंबर, मग गावाचा, मग लोकसंख्या, मग पाणी किती लांब आहे ते. एका गावाचं एक कार्ड. शिकवणाऱ्यांनी बजावलं होतं, कार्डाला घडी घालायची नाही, टाचणी लावायची नाही, आणि यंत्राशिवाय दुसरं भोक पडू द्यायचं नाही.

त्या वर्षी टंचाईच्या गावांची यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर होणार होती. यादीत नाव आलं तर टँकर. बाकीच्या गावांचे गठ्ठे मी पेटीत घालून पाठवले. देवणीकडच्या गावांचा गठ्ठा तेवढा मागं राहिला. त्यात माझंही गाव होतं. त्याच दिवशी आमचे अव्वल कारकून रजेवरून हजर झाले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत.

"हे असं सुटंच पाठवणार का तुम्ही?"

"रबर लावलंय, भाऊसाहेब. तसंच पाठवायचं असतं."

"रबर तुटतंय. मग कागद गहाळ, अन् चौकशी माझ्यावर. सुटा कागद या कचेरीबाहेर जात न्हाई."

त्यांनी ड्रॉवरमधून दाभण काढलं. आमच्याकडं प्रत्येक नस्ती तशीच शिवली जाते: वरच्या डाव्या कोपऱ्यात दाभणानं भोक, त्यातून पांढरा दोरा, वर गाठ. निजामाच्या वेळची दफ्तरंही मी तशीच शिवलेली पाहिली आहेत.

मी म्हणालो, "भोक नका पाडू. मशीन ते आकडा म्हणून वाचेल."

"एवढं हुशार मशीन म्हणता, अन् तुमचं भोक कोणतं, माझं कोणतं, एवढं कळत न्हाई व्हय त्याला?"

सगळी कचेरी हसली. मी साहेबांकडं गेलो. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "जाऊ द्या हो. त्यांचा अनुभव मोठा आहे." मी परत आलो तेव्हा भाऊसाहेब पेपरवेटनं दाभण ठोकत होते.

पंधरवड्यानं यादी आली, दोन्ही कडांना भोकं असलेल्या रुंद कागदावर छापलेली. देवणीकडचं एकही गाव तिच्यात नव्हतं. सोबत एका पाकिटात ती सगळी कार्डं परत आली होती, कापलेल्या दोऱ्यासकट. मशीननं ती नाकारून बाजूला टाकली होती. दाभणाचं भोक नेमकं जिल्ह्याच्या नंबरात पडलं होतं, आणि तसा जिल्हा मशीनला माहीत नव्हता.

मी गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला. दोरा दाखवला, भोक दाखवलं.

"म्हणजे कार्डं चुकीची होती," साहेब म्हणाले. "कॉम्प्युटर चुकत नाही."

"कार्डं चुकली असतील, साहेब. गावं तर खरी आहेत ना?"

"यादीबाहेर टँकर देता येत नाही. नवी कार्डं पाठवा. नवी यादी येईल."

भाऊसाहेब दारात उभे होते. म्हणाले, "सरकारी कागद आजवर असाच गेला." त्यांचा मला तेवढा राग आला नाही. त्यांना खरंच कळलं नव्हतं. साहेबांना कळलं होतं.

त्याच आठवड्यात दादा आला, माझा थोरला भाऊ. कचेरीच्या पायरीवर बसला. ओठ फुटलेले.

"आरं, नदीपल्याड टँकर यायलाय, आपल्यात का न्हाई?"

"यादीत आपलं गाव न्हाई, दादा."

"कुणी केली यादी?"

"मशीननं."

"त्यानं गाव बघितलंय का?"

मी त्याला आत नेलं. साहेबांनी त्याला बसा म्हटलं, पाणीही दिलं. मग यादी त्याच्यापुढं ठेवून म्हणाले, "बघा, तुमच्या गावाचं नाव नाही. मी काय करणार?"

दादानं कागदाकडं पाहिलं. "मंग मी कुठनं आलो, साहेब?"

साहेब हसले. मला म्हणाले, "तुमचे भाऊ विनोदी आहेत." आणि जाताना हळूच, "मशीनविरुद्ध फार बोलू नका. तुमची नोकरी त्याच्यावरच आहे."

एसटी स्टँडवर दादा म्हणाला, "तुझी वैनी नदीत झरा उकरून पाणी आणती. गढूळ. अन् तेबी आटत चाललंय. बैलं कशी जगवू? अमुशापतूर टँकर आला तर ऱ्हातो. न्हाईतर घराला कुलूप लावून तिच्या माहेरी जातो, देगलूरकडं."

मी सगळी कार्डं पुन्हा पंच केली, आणि या खेपेला कुणाच्या हाती न देता स्वतः पेटी मांडीवर घेऊन मुंबईला गेलो. तिथं रांग होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आधी पगाराचं काम, मग दुष्काळाचं." मी त्या थंड हॉलबाहेर बाकावर बसून राहिलो. गच्चीवर पाणी धबधबत होतं. मशीन तापू नये म्हणून एवढं पाणी, आणि त्या मशीननं गाव मान्य केल्याशिवाय गावाला घागरभर नाही. मी पंच केलेल्या प्रत्येक कार्डावर तो राग काढावासा वाटला. काढला नाही. कार्ड खराब झालं असतं तर नुकसान गावाचंच होतं.

अमावस्या होऊन गेल्यावर यादी आली. देवणीकडची सगळी गावं तिच्यात होती. साहेब म्हणाले, "बघा, झालं की नाही काम?"

पहिल्या टँकरबरोबर मी गावी गेलो. बाया घागरी घेऊन पारापाशी धावल्या. आमच्या घराला कुलूप होतं. गोठा रिकामा, दावी खुंट्याला तशीच. शेजारची म्हातारी म्हणाली, "परवाच गेले. वैनी लई रडली. म्हणली, भावजीच तिथं हापिसात हाय अन् पाणी कसं न्हाई आलं."

पुढच्या यादीची कार्डंही मीच पंच केली. गावाच्या लोकसंख्येच्या रकान्यात तलाठ्यानं कळवलेला नवा, कमी आकडा घातला. दादाची माणसं त्यात नव्हती, त्याच्यासारखीच निघून गेलेली इतर घरंही नव्हती. भाऊसाहेबांनी त्या गठ्ठ्याला हात लावला नाही. साहेबांनी तसं लेखी बजावलं होतं. मशीननं ते कार्ड पहिल्याच फेरीत स्वीकारलं, आणि माणसं कमी झाली म्हणून गावाच्या टँकरची एक खेप कापली.