तीन नंबरचा बावटा

अख्ख्या शेवगाव तालुक्यात समुद्राची काळजी करणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या दुकानाला खेटून राहत होता. इकडे प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघायची, आणि हे काका रोज सकाळी ओट्यावर येऊन मोबाईलमध्ये बघत खणखणीत आवाजात सांगणार, "दक्षिण कोकण किनाऱ्यालगत समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." समोरचा चहावाला म्हणायचा, "न्हाई जात, काका."

काका कोकणातल्या एका बंदराच्या कचेरीत कारकून होते. समुद्राचा अंदाज आला की तो सुवाच्य अक्षरात लिहून धक्क्यावरच्या फळ्याला लावायचा आणि वारा वाढणार असला की खांबावर तीन नंबरचा बावटा चढवायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं. होडीत मात्र एकदाही बसले नाहीत. "माझ्याच अक्षरात 'जाऊ नये' लिहिलेलं असायचं, मी कसा जाणार?" निवृत्त होऊन गावी आले ते ती भाषा घेऊनच. जेवलात का म्हणून विचारलं तर "दुपारनंतर शक्यता आहे." एका लग्नाच्या पंगतीतून आले, मी विचारलं, जेवण कसं होतं? म्हणाले, "जिलेबी बहुतांश ठिकाणी, मठ्ठा तुरळक ठिकाणी. वाढप्यांचा वेग मध्यम."

इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. मी जुन्या ट्रॅक्टरांचा व्यवहार करतो. आठवडे बाजारात जुने टायर विकत सुरुवात केली, आज आवारात नऊ ट्रॅक्टर उभे आहेत. कुणाच्या बापाची मदत घेतलेली नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, तो धंद्याचा भाग आहे. पण काकांनी त्याचं हवामान करून टाकलं. एक दिवस बघतो तर त्यांच्या पत्र्यावर बांबू, बांबूला दोरी आणि दोरीला लाल फडकं. मी तापलो की बावटा वर, निवलो की खाली. महिन्याभरात सगळ्या गिऱ्हाइकांना ते कळलं. बेलापूरचा एक जण रोटाव्हेटर जोडलेला ट्रॅक्टर बघायला एवढ्या लांबून आला, मान वर करून बघितलं आणि मोटरसायकल वळवायला लागला. "उद्या येतो, शेठ. बावटा वर हाय."

"अरे, मी शांत आहे!" हे मी इतक्या जोरात ओरडलो, की काकांनी बाहेर येऊन दोरी आणखी ताणली.

मी शिडी लावून ते फडकं काढून फेकलं. काकांनी ते उचललं, झटकलं, घडी घातली. म्हणाले, "बावटा उतरवल्यानं वारा पडत नाही, शेठ." दुसऱ्या दिवशी फडकं परत दोरीला.

खरं दुखणं पुढंच आहे. माझी पोरगी लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर अभ्यासाला बसायची. भरती-ओहोटी, लाटांची उंची, सगळं तिला पाठ. बारावी झाली आणि म्हणाली, रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकायला जाते. मी म्हणालो, "नगरला कॉलेजं नाहीत का? जिथं ओळखीचं कुत्रं नाही तिथं जायचं नाही." तिनं वाद घातला नाही. माझीच पोरगी, भाव कधी करायचा ते तिला कळतं. फॉर्मवर माझी सही हवी होती, ती बावटा उतरायची वाट बघत राहिली. आणि माझी तब्येत अशी, की त्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं ठरलेला सौदा मोडला आणि बावटा सहा दिवस खाली आला नाही.

सातव्या दिवशी काका फॉर्म घेऊन दुकानात आले. मी फोनवर कुणाला तरी फाडून खात होतो. पोरगी दारातूनच म्हणाली, "काका, आज नको. बावटा वर आहे!"

"तो मच्छीमारांसाठी असतो. मी कारकून आहे." आणि माझ्यासमोर कागद ठेवला. "आज शेवटची तारीख आहे. सही करा."

मी टेबलावर हात आपटला. ते म्हणाले, "आज शेवटची तारीख आहे. सही करा." मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू. मी म्हणालो, नाशिकला पाठवतो, तिथं तिची आत्या आहे. काका शब्दही बदलेनात, फळ्यावरचा कागद वाचावा तसं तेच वाक्य. जो भाव करतच नाही, त्याच्याशी भाव कसा करणार? शेवटी हळूच म्हणाले, "शेठ, तीस वर्षं 'जाऊ नये' लिहिलं. वारा पडल्यावर बावटा उतरवायचा, पण 'जावे' लिहायला कधी जागाच नव्हती."

मी सही केली. आयुष्यातला एकमेव सौदा, ज्यात मला काहीच सुटलं नाही.

ती निघाली त्या सकाळी काकांच्या दारावर सुवाच्य अक्षरातला कागद होता. समुद्र शांत. दृश्यमानता चांगली. जावे. काका स्वतः मात्र बाहेर आले नाहीत.

आता त्यांना मुलानं पुण्याला नेलंय. गिऱ्हाइकं वर बघतात आणि विचारतात, "शेठ, आज कसं हाय?" अंदाज नसल्यानं लोकांची पंचाईत होते. म्हणून अलीकडे डोकं तापलं की मीच शिडी लावून फडकं चढवतो. उतरवायला कुणी नाही, तेवढी एक अडचण आहे. मग काकांच्या ओट्यावर बसून राहतो, वारा पडेपर्यंत.