एकशे दहा पुरस्कार आणि एक इस्त्री

त्या नाट्यगृहाच्या कपडेपटात इस्त्री करणाऱ्या मावशींना आजवर एकशे दहा मोठे पुरस्कार मिळाले होते. थट्टा नाही, हिशेब पक्का आहे. बावीस वर्षं, दरवर्षी पाच: पत्रकारिता, कादंबरी, कविता, चित्रकला, संगीत. त्यातला एकही घरी नेता आला नाही, ही गोष्ट वेगळी. कारण सगळे तालमीतले. खरे विजेते ऐन वेळी येणार. मग दिवा कुठे पाडायचा, माइक किती वर करायचा, कुठल्या पायरीला कोण अडखळेल, हे बघायला आदल्या दुपारी कोणाला तरी विजेता व्हावं लागे. ते कोणीतरी म्हणजे मावशी. स्मृतिचिन्ह तोवर खोक्यातून निघत नसे, म्हणून त्याच्या जागी मावशींचीच जुनी लोखंडी इस्त्री. वजन साधारण तेवढंच, आणि मावशींच्या मते दिसायला बरी.

कोणी म्हणेल, नुसतं उभं तर राहायचं! पण मावशी आठवडाभर आधी प्रत्येक विजेत्याच्या घरी फोन लावत. “नाट्यगृहातून बोलतेय. अभिनंदन. उंची किती? चष्मा लांबचा की जवळचा? गुडघे काय म्हणतात?” एका कवीने दहा मिनिटं गुडघ्यांच्या व्यथेवर रसाळ बोलून घेतलं. मावशींनी वहीत टिपलं: ‘कवी. जिना नको.’

तालमीला सुतारापासून तिकीटवालीपर्यंत सगळे पुढच्या रांगेत येऊन बसत. मावशी कादंबरीकार झाल्या की हनुवटी चार बोटं वर. “मी कुठे काय लिहिलं? पात्रांनीच माझ्याकडून लिहून घेतलं!” चित्रकार झाल्या की माइकपाशी येऊन नुसत्या खोकत आणि परत जात. दिव्यांच्या केबिनमधून त्यांचा नवरा ओरडे, “अगं, इस्त्री घे आणि उतर खाली! दिवा तापला.”

“थांबा हो! जरा कौतुक होतंय तर होऊ द्या. घरी कोण करतंय?”

वर्षातला तो एक तास मावशींचा होता. बाकीचे दिवस दुसऱ्यांच्या सदऱ्यांचे.

यंदा नाट्यगृहाला नवे मॅनेजर आले. दर वाक्याच्या शेपटाला त्यांचं एक पालुपद असे, “पॉइंट काय आहे?” चहा मागितला तरी, “एक चहा, साखर कमी, पॉइंट काय आहे, मला डायबेटिस आहे.” त्यांनी सगळ्या सोहळ्याचा तक्ता काढला, मिनिटामिनिटाचा. तालमीला पाच खुर्च्या मांडायच्या, त्यांवर विजेत्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, झालं.

“मावशी, तुम्ही उद्या पाहुण्यांना पाणी बघा. पॉइंट काय आहे, या नाटकात अख्खी दुपार जाते.”

“साहेब, खुर्ची चालत नाही.”

“म्हणजे?”

“चालून जमिनीवरच्या चिकटपट्टीच्या फुलीपर्यंत येत नाही. तिला पायरी लागत नाही, डोळ्यांवर दिवा येत नाही. तिला हातही—”

“खुर्चीला दोन हात आहेत, मावशी,” मॅनेजर हसले. सुतारही हसला, मग मावशींकडे बघून त्याने घाईघाईने खिळे मोजायला घेतले.

मावशींना हसू आलं नाही. कारण हाताचाच प्रश्न होता. पत्रकारितेचा पुरस्कार एका म्हाताऱ्या वार्ताहराला होता. त्यांच्या घरी फोन केला तेव्हा बायको आवाज बारीक करून म्हणाली होती, “तुम्हाला म्हणून सांगते हो. ह्यांचा उजवा हात वर्षभर झालं धड काही धरत नाही. चहाचा कपसुद्धा डाव्या हातात. पण कोणाला कळू द्यायचं नाही, असा हट्ट! खिशात घालून हिंडतात. तुम्ही बोलू नका कुठे, नाहीतर येणारच नाहीत.”

मावशींनी शब्द दिला होता.

आणि तक्त्यात पुरस्कार देणाऱ्या पाहुण्या बाईंची फुली होती विजेत्याच्या उजवीकडे. म्हणजे ते चार किलोचं पितळ थेट त्या हातात. भरल्या सभागृहासमोर.

“पाहुण्या बाईंना डावीकडे उभं करा ना, साहेब.”

“का?”

“बरं दिसेल.”

“बरं दिसेल हा पॉइंट नाही.”

जीभ दातांखाली धरून त्या कपडेपटात गेल्या आणि एका निरपराध पडद्याला तीनदा इस्त्री केली.

दुसऱ्या दिवशी साडेपाच वाजता पडदा बंद होता. मॅनेजर दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. मावशी पाण्याचा ट्रे घेऊन रंगमंचावर आल्या. ट्रेवर पाच पेले आणि एक इस्त्री. केबिनमधून नवऱ्याने मान बाहेर काढली.

“काय चाललंय?”

“पाणी देतेय.”

“इस्त्रीला?”

मावशी गुडघ्यांवर बसल्या, पाहुण्या बाईंची फुली नखांनी सोडवली, तीन पावलं पलीकडे डावीकडे चिकटवली आणि वरून थंड इस्त्री दाबून फिरवली. “दिवा इकडे वळवा.”

“नोकरी घालवशील!”

“माझी गेली तर तुमची आहे की. वळवा आधी.”

सत्तावीस वर्षांच्या संसारात नवरा एवढं शिकला होता, की बायको ‘आधी’ म्हणाली की कारण नंतर विचारायचं. दिवा वळला.

सहाला पडदा उघडला. माणूस कितीही मोठा असो, जमिनीवर फुली दिसली की शहाण्या मुलासारखा तीवर जाऊन उभा राहतो. पाहुण्या बाईही राहिल्या. विंगेत मॅनेजरांनी तक्ता उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. ओरडता येईना.

वार्ताहर आले. उजवा हात खिशात, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. फुलीवर थांबले. पितळी स्मृतिचिन्ह डावीकडून पुढे आलं. त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा पाहुण्या बाईंकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने ते कवेत घेतलं, नातवंडाला घ्यावं तसं. टाळ्या सुरू झाल्या.

विंगेत मॅनेजर पुटपुटले, “फुली कोणी हलवली?”

“मी.”

“का?”

मावशींनी ट्रेवरचे पेले एका ओळीत लावले.

“मावशी, उद्या सकाळी मला भेटा. पॉइंट काय आहे—”

तेवढ्यात वार्ताहरच स्मृतिचिन्ह कवेत घेऊन विंगेत आले. “एक मिनिट. आमच्या घरी कोणी फोन केला होता? कधी केला? काय काय विचारलं?” सवयीने तिन्ही प्रश्न एका दमात.

“उंची विचारली होती,” मावशी म्हणाल्या. “चष्मा. गुडघे.”

“आणि?”

“बाकी मला आठवत नाही.”

वार्ताहर खो खो हसले. “पन्नास वर्षं लोकांच्या पोटातल्या बातम्या काढल्या, पण असं घट्ट पोट पाहिलं नाही.” मग मॅनेजरांकडे वळून स्वतःच म्हणाले, “साहेब, माझा हा हात कामातून गेलाय. ते पितळ या बाजूने आलं असतं ना, तर थेट तुमच्या पाहुण्या बाईंच्या पायावर. उद्याच्या पेपरात मीच ती बातमी दिली असती.”

मॅनेजरांनी तक्त्याची घडी केली. मग त्या घडीची घडी केली.

सकाळी मावशी दबकतच त्यांच्या खोलीत गेल्या. टेबलावर इस्त्री होती, काल विंगेत राहिलेली. मॅनेजरांनी ती दोन्ही हातांनी उचलून पुढे केली.

“पुढल्या वर्षी तालीम किती वाजता ठेवायची?”

“तीनला.”

“आणि ही आधी तापवून ठेवायची का?”

“साहेब,” मावशी हनुवटी चार बोटं वर करून म्हणाल्या, “पुरस्कार थंडच घ्यायचा असतो.” आणि इस्त्री त्यांनी डाव्या हाताने घेतली.