भेकराच्या दाढा

शिराळ्याजवळच्या आमच्या उसात तोड चालू होती. कोयत्याखाली भेकराचं, म्हणजे त्या लहान जातीच्या हरणाचं, पिल्लू आलं. कान तेवढा चिरला, जीव वाचला. आई डोंगराकडे पळाली होती. पिल्लू तिथंच ठेवून मी बाजूला थांबलो असतो तर अंधार पडल्यावर ती परत आली असती, हे मला नंतर कळलं. पिल्लू घोंगड्यात गुंडाळून मी घरी आणलं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं.

जंगल खात्यातला माणूस म्हणाला, "आता सांभाळा. सहा-सात महिन्यांचं झालं की सोडा. फार दिवस ठेवलंत तर कुत्र्याला भिणार नाही, आणि रानात टिकणार नाही."

पण ते जन्मलं कधी, हे कुणाला ठाऊक?

आमच्या घरात बैलाचं वय दातावरून सांगायची रीत. पुढचे दुधाचे दात आहेत तोवर जनावर आदत, पहिले दोन पक्के आले की दुसा. मी पिलाचा ओठ उचलून बघायचो. दात दुधाचेच. म्हणून दूधभाकरी कालवून भरवत राहिलो. नागपंचमी आली तरी तेच.

"आवं, अजून आदतच हाय व्हय?" बायको म्हणाली. "का लगीन लावूनच सोडणार?"

"दात पडू देत की."

"बैल न्हाई त्यो."

त्याच आठवड्यात पिल्लू शेजारच्या कुत्र्याजवळ गेलं आणि त्याचं तोंड हुंगू लागलं. कुत्रं म्हातारं होतं म्हणून निभावलं. मी पिल्लू ओढून मागं आणलं. आईपासून तोडलं होतंच, आता त्याची भीतीही मीच घालवत होतो.

गाईला बघायला जनावरांचे डॉक्टर आले, तेव्हा त्यांना पिल्लू दाखवलं. त्यांनी गाल बाजूला ओढून बॅटरी मारली.

"पुढचे दात काय बघता? मागं बघा."

दुधाच्या दाढांच्या मागे दोन मोठ्या, धारदार दाढा होत्या.

"या पक्क्या. तिसरी अजून यायचीय. म्हणजे सहा महिने उलटलेत, वर्ष भरलेलं नाही. पुढचे दात मागाहून बदलतात."

"मग मी उशीर केला?"

"थोडा. भाकरी बंद करा. पाला ओरबाडू दे त्याला."

डोंगराच्या कडेला काट्यांचं कुंपण घातलं आणि पिल्लू आत ठेवलं. लांबूनच पाला टाकायचा, हाक मारायची नाही, असं ठरलं. बायको पदर तोंडाला लावून परत यायची. पिल्लू आमच्या वासानं कुंपणाशी यायचं बंद झालं, तेव्हा एका पहाटे काटे बाजूला केले.

पुढच्या हंगामात संध्याकाळी उसाच्या बांधावर एक भेकर दिसलं. कान चिरलेला. मी नकळत एक पाऊल पुढं टाकलं. धोका दिसला की भेकरं भुंकतात, तसं ते कुत्र्यासारखं भुंकलं आणि शेपूट वर करून डोंगराकडे सुसाट पळालं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं, "मला बघून पळालं."

"लय बरं झालं," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.