अँटेनाला घातलेला हार

सासूबाईंनी त्या यंत्राला हार घातला नसता, तर आज मी ड्रोन उडवत असते. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलंय की ते खरं आहे की माझी सोय, हे आता मलाच कळत नाही.

उसावर ड्रोनने फवारणी करायला मी बचत गटातून शिकले. बाईमाणसाने विमानं उडवायची म्हणजे नसती थेरं, असं सासरे म्हणाले होते. सासूबाईंनी त्यांना गप्प केलं आणि मी शिकून येईपर्यंत माझी लेकरं सांभाळली. परत आले तर पुणतांब्यात मी ‘ड्रोनवाली’ झाले होते. अमक्याची बायको, तमक्याची सून यापलीकडे ती माझी पहिली ओळख, आणि मला ती फार आवडली होती.

मग एका कंपनीचा इंजिनिअर नवा अँटेना घेऊन आला. जेवणाच्या ताटाएवढा चपटा डबा, स्टँडवर उभा केलेला. नेहमीच्या रिमोटपेक्षा कितीतरी जास्त वारंवारतेच्या लहरींवर तो चालायचा. ड्रोनला हुकूम त्यावरूनच जायचे, आणि ड्रोनला वरून जे दिसे ते त्याच क्षणी खाली पडद्यावर दिसायचं. पुढे याच लहरींवर बिनड्रायव्हरचे ट्रॅक्टर एकमेकांशी बोलत चालतील, असं तो रंगवून सांगायचा.

“फक्त एक लक्षात ठेवा, ताई,” तो म्हणाला. “ही लहर भारी नाजूक. पाणी, ओली पानं, माणूस, काहीही आडवं आलं की अडते. डब्याचं तोंड मोकळं पाहिजे.”

प्रात्यक्षिक नीट झालं तर तालुक्याचं फवारणीचं काम माझ्याकडे, असं ठरलं.

त्या दिवशी मांडव, खुर्च्या, राहात्याहून आलेले पाहुणे, सगळा थाट. आमच्याकडे नवा टेम्पो आला तरी नारळ फुटतो, हे तर विमान! पूजेचा मान सासूबाईंना मिळाला. माइकवरून त्यांना कुणी पुढे बोलावल्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. त्यांनी डब्याला हळदीकुंकू लावलं आणि बादलीत भिजत ठेवलेला झेंडूचा जाडजूड हार, पाणी निथळत असलेला, बरोबर त्याच्या तोंडावर घातला. टाळ्या वाजल्या. मी दोन पावलांवर उभी होते आणि मला सगळं समजत होतं. इंजिनिअरनेही पाहिलं, पण पाहुण्यांचे फोटो चालले होते. भर सभेत सासूने घातलेला हार सुनेने उतरवायचा? माझा हात पुढे झालाच नाही.

ड्रोन उसाच्या मधोमध गेला आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. एरवी संपर्क तुटला की तो आपोआप माघारी येतो. पण गर्दीच्या डोक्यावर नको, म्हणून त्या दिवशी असेल तिथेच उतरायची सोय करून ठेवली होती. तो गुणी बाळासारखा उतरला, पुरुषभर उंचीच्या उसात, आणि पंखे मोडून बसला.

लोक उसाकडे धावले, तेवढ्यात इंजिनिअरने हार काढून बांधापलीकडे फेकला. संध्याकाळी माझ्यापुढे कागद सरकवला. त्यावर लिहिलं होतं, चालकाची चूक.

“हाराचं लिहिलं तर आमचं यंत्रच कच्चं ठरेल, ताई. तुम्ही सही करा. पुढच्या हंगामात तुम्हालाच बोलवतो.”

मी केली सही. त्या माणसाचा मला राग येतो, पण माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो.

पुढच्या हंगामात बाहेरगावचा चालक आला, आणि आला तो आमच्याच उसावर. मी त्याच्या ड्रोनच्या टाकीत पाणी ओतत होते. सासूबाई त्याला म्हणाल्या, “नीट उडवा बरं का. आमच्या सूनबाईला न्हाई जमलं. लई हौसेनं धाडली हुती शिकायला.”

तो पलीकडे गेल्यावर मला राहवलं नाही. “आत्याबाई, माझी चूक नव्हती. तुमच्या ओल्या हाराने लहर अडली. मला तेव्हाच कळलं होतं.”

त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं,

“मंग सही का केली?”

“तुम्हाला चारचौघांत कमीपणा नको म्हणून.”

“मला इचारलंस?” त्या म्हणाल्या. “मी अडाणी. आंगठा उठवायच्या आदी धा जनांना इचारती. तू तर शिकलेली. तवाच बोलली असतीस तर भर मांडवात सांगितलं असतं म्या, हार माझा हुता म्हनून. आता काय उपेग?”