मयताला जाल का?

वासंतीबाई आठल्ये यांनी बावीस वर्षांत निदान सहा हजार दारं वाजवली असतील. त्यांतली निम्मी कोथरूडमधली, म्हणजे दोन बोटांपेक्षा जास्त न उघडणारी. आतून ‘आम्हाला काही घ्यायचं नाही’ असं ऐकू आलं, की बाई शांतपणे सांगत, “मी विकायला नाही, तुमचं मत विचारायला आलेय.” मत विचारणारं कोणीतरी आलंय म्हटल्यावर पुणेकर दार सताड उघडतो, वर पाणीही विचारतो.

आमची संस्था निवडणुकांनंतर लोकांचा कल तपासायची. मी तिथे भरून आलेले फॉर्म संगणकात चढवायचो. घरोघर जाणारे पाच-सहा जण बाईंच्या हाताखाली होते. एखाद्याने चहाच्या टपरीवर बसून फॉर्म मनानेच भरला, तर बाईंना तो हातात घेताच कळायचा. “खरी माणसं इतकं धड बोलत नाहीत,” म्हणायच्या. माझा स्वभाव तिरसट, मला सहसा कोणी आवडत नाही. बाई आवडायच्या.

२०१९ची निवडणूक झाली आणि राजकारणापायी लोक एकमेकांपासून किती दुरावलेत, हे मोजायचं आमच्या सरांनी ठरवलं. त्यांनी आणलेली प्रश्नावली परदेशी वळणाची होती. दुसऱ्या पक्षाच्या माणसाबरोबर जेवाल का, वगैरे. बाई म्हणाल्या, “जेवायचं काय विचारता? इथे सख्खा भाऊसुद्धा फोन करून मगच येतो. लग्न, बारसं असं विचारा.” आणि शेवटी त्यांनी स्वतःचा एक प्रश्न घातला, चौतिसावा. तुमच्या ओळखीतला, पण दुसऱ्या पक्षाला मत देणारा माणूस वारला, तर मयताला जाल का?

खरं तर तो सापळा होता. कंटाळून सगळ्यालाच ‘नाही, नाही’ म्हणणारी माणसं असतात, आणि न विचारताच खुणा करणारे आमचे लोकही असतात. ते यात सापडणार होते. “तोरणाला नाही गेलं तरी मरणाला जावं, एवढं कोणालाही कळतं,” बाई म्हणाल्या. “चौतिसला ‘नाही’ आलं की फॉर्म सरळ रद्द करायचा.” सरांना पटलं, मलाही पटलं. पुण्यात तीन माणसांचं एकमत होतंय म्हटल्यावर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात धायरीहून मच्छिंद्रचे चाळीस फॉर्म आले. त्यांतल्या अकरांत चौतिसला ‘नाही’. मच्छिंद्र धायरीचाच, दोन मुलींचा बाप, आणि या कामावाचून त्याला दुसरं काम नव्हतं. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

“कुठल्या टपरीवर बसून भरलेस?”

“मॅडम, आईशप्पथ, घरोघर गेलोय. लोक म्हनले तेच लिवलंय.”

“धायरीतले लोक मयताला जाणार नाही म्हणतात? मला सांगतोस?”

“मला बी खरं वाटंना. दोन-दोनदा इचारलं, मॅडम.”

“उद्यापासून येऊ नकोस.”

तो पिशवी टेबलावर ठेवून निघून गेला. मलाही तो खोटाच वाटत होता.

पण फॉर्म रद्द करण्याआधी त्यांतल्या काही घरी पुन्हा जाऊन खात्री करायची, असा संस्थेचा नियम होता. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या स्कूटरवर बसून धायरीला आल्या.

पहिलं घर हिंदुरावांचं. जमीन बिल्डरला देऊन बांधलेला तीन मजली बंगला. आम्ही टेकतो न टेकतो तोच चहा पुढ्यात आला. बाईंनी सगळे प्रश्न पुन्हा विचारले. चौतिसावा आला.

“न्हाई जानार,” हिंदुराव म्हणाले.

“अहो, नीट ऐका. माणूस वारलाय, असं विचारतेय मी.”

“ऐकलं की. त्या मच्छिंद्रालाबी हेच सांगितलं हुतं.” त्यांनी हनुवटीने समोरचं घर दाखवलं. “तितं माझा सख्खा भाऊ ऱ्हातो, गेनबा. त्यो त्यांच्यात गेला. आता मेला तरी त्याचा उंबरा वलांडनार न्हाई. लिवा.”

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. बिस्किटाची बशी आमच्यापुढे सरकवत बोलले. बाईंचं पेन तसंच थांबलं. कोणाचंही उत्तर ऐकून चेहरा हलू द्यायचा नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि आता त्यांचाच चेहरा पांढराफटक पडला होता.

आणखी तीन घरं केली. तिन्हीकडे तेच. येताना कोथरूडमधल्या अशाच एका फॉर्मसाठी निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं, “आपण लिहून घ्या, मी जाणार नाही. माझ्या वेळी त्यांनीही तसदी घेऊ नये.” मी माणसांबद्दल कधी फारसं चांगलं बोलत नाही, पण एवढं वाईट मलाही सुचलं नसतं.

ऑफिसात पोचल्याबरोबर बाईंनी मच्छिंद्रला फोन लावला. “चूक माझी झाली. सगळ्यांसमोर बोलले, आता सगळ्यांसमोरच सांगते. उद्या कामावर ये.” मग सरांना म्हणाल्या, “एकही फॉर्म रद्द होणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र वेळेवर आला. बाई आल्या दुपारी तीनला. खुर्चीवर बसल्या, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते असं.

सकाळी चहा घेताना, मनाला जरा बरं वाटावं म्हणून, त्यांनी नवऱ्याला तोच प्रश्न विचारला. अनंतराव बँकेतून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. “तुम्ही तरी जाल ना हो? समजा, आपले यज्ञेश्वर...” यज्ञेश्वर म्हणजे अनंतरावांचे बँकेतले एकतीस वर्षांचे मित्र. निवडणुकीत दोघांचं मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये वाजलं होतं. चार दिवसांत मिटेल, असं बाई धरून चालल्या होत्या.

अनंतराव पेपर वाचता वाचता म्हणाले, “समजा कशाला? तो गेला. मागच्या मंगळवारी.”

“आणि तुम्ही?”

“नाही गेलो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू गेली असतीस.”

बाई घरच्याच साडीवर बस पकडून स्वारगेटला गेल्या. यज्ञेश्वरांच्या पत्नीने, पद्मजाताईंनी, दार उघडलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मुलगा परदेशात, त्याला पोचता आलं नव्हतं.

“जिन्यातून गाडीपर्यंत न्यायला चौघं लागतात गं,” त्या म्हणाल्या. “तिघं जमले होते. मी म्हटलं, थांबा जरा, अनंतराव येतीलच. तासभर थांबवलं सगळ्यांना. मग वॉचमनला बोलावलं.”