मुश्ताकभाईंची बिनइंजिनची गाडी

किस्से जमवावे लागत नाहीत. आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं आणि शेजारच्या दुकानात असलं, की ते आपोआप जमतात. पनवेलच्या तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत माझं चष्म्याचं दुकान आहे. त्याला लागून मुश्ताकभाईंचं रायडिंगच्या सामानाचं: हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि मुख्य म्हणजे बूट. दुपारी तीननंतर माझ्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. मग मी शटर अर्धं ओढतो आणि त्यांच्याकडे जाऊन बसतो. त्या वेळी तळ्यावरचं ऊन त्यांच्या छतावर हलत असतं, पंखा सावकाश फिरत असतो आणि नव्या चामड्याच्या वासाने डोळे जड होतात. त्या गुंगीत जे जे पाहिलं ते सांगतो. खरं-खोटं मुश्ताकभाईंना विचारा. ते नुसते हसतील.

*

दुकानाच्या मधोमध एक मोटरसायकल उभी आहे. तिला इंजिन नाही. भंगारातून आणून मेन स्टँडवर पक्की केलेली. बूट घालून दोन येरझाऱ्या मारायच्या आणि ‘मस्त आहे’ म्हणून पैसे द्यायचे, हे इथे चालत नाही. बूट घालून त्या गाडीवर बसायचं, गिअरच्या दांडीखाली पाय सरकवून बघायचा आणि मागवलेला चहा संपेपर्यंत उतरायचं नाही. “चालायला चप्पल असते,” मुश्ताकभाई म्हणतात. “बूट कुठे चावतो ते बसल्यावर कळतं.” यायचंही दिवस कलल्यावर. दिवसभरात पाय सुजतो, आणि सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी वैरी होतो.

गंमत म्हणजे लोक बसतात आणि बघता बघता हरवतात. हात हँडलवर जातात, पाठ जराशी वाकते, नजर समोरच्या हेल्मेटच्या कपाटातून आरपार जाते. एका बँक मॅनेजरांनी तर मान वळवून मागचा रस्ता पाहिला आणि डावीकडे वळायचा हात दाखवला. मुश्ताकभाई ट्रे घेऊन मधेच उभे होते. ते मुकाट बाजूला सरकले.

मी बघतच राहिलो. तर मला म्हणाले, “जाऊ दे डॉक्टर. अंधाराच्या आत घाट उतरायचा असेल त्यांना.”

मी डॉक्टर नाही. पण चष्मेवाल्याला डॉक्टर म्हटलं तर तो कशाला नाही म्हणेल?

*

नवीन पनवेलचा एक सॉफ्टवेअरवाला आला. व्हिडिओ बघून बघून त्याचं सगळं पाठ झालेलं. घोट्याला आतून कडक कप आहे का, नडगीला गार्ड आहे का, ओल्या डांबरावर सोल घसरतो का. मुश्ताकभाईंनी सगळ्याची उत्तरं दिली आणि बूट त्याच्या हातात ठेवला. “पिळून बघा. पिळला गेला तर तो बूट नाही, फडकं आहे.”

त्याने पिळला. पिळला गेला नाही. मग तो गाडीवर बसला, एक चहा संपला, दुसरा संपला, तरी उतरेना. चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मलाही कुठेतरी जावंसं वाटायला लागलं. पैसे देताना मुश्ताकभाईंनी सहज विचारलं, गाडी कुठली?

“गाडी नाहीये. घरचे नको म्हणतात.”

“मग बूट?”

“आईला घरात वस्तू वापराविना पडलेली चालत नाही.”

*

आता शेठ. कमळाकरशेठ उलव्याच्या बाजूचे. जमिनीच्या पैशातून त्यांनी पहिली हौस केली ती लाल मोटरसायकलची. मागच्या पावसाळ्यात डंपरने सांडलेल्या चिखलावर ती घसरली. पायात कापडी बूट, डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण यमुनावहिनींनी गाडीची किल्ली कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून कमरेला खोचली ती खोचलीच. शेठना पुन्हा गाडीवर बसायला मिळणार की नाही, हे सगळं आता त्या जुडग्यात होतं. आणि गाडीशिवाय शेठ म्हणजे वाळत घातलेला सदरा.

दर गुरुवारी ते रिक्षा करून यायचे. एकच काळा जोड मागायचे. घोट्याच्या वर जाणारा, नाडीऐवजी पट्ट्याचा, कारण नाडी गाडीच्या दांडीत अडकते. तो घालून बिनइंजिनच्या गाडीवर बसायचे आणि चहा संपेपर्यंत डोळे मिटायचे. मग बूट काढून, हाताने पुसून परत द्यायचे.

“घ्या की शेठ,” मी एकदा म्हटलं.

“घेऊन काय करू? किल्ली तिच्याजवल हाय.”

मग मी विचारलं, डोळे मिटून जाता कुठे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हा काय प्रश्न झाला. “गावाला. बांधावरून जातो, पार खाडीपर्यंत. भात पोटरीला आलाय.”

त्यांचं गाव, घर, भाताची खाचरं, सगळं विमानतळात गेलं. ते बांध आता धावपट्टीखाली आहेत. वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला. मला डोळे मिटले की झोप लागते.

*

एकाला वॉटरप्रूफ या शब्दावर विश्वास नव्हता. भर दुकानात त्याने बादली मागवली, पायात बूट चढवला आणि पाय पाण्यात घातला. कोरडा. आणखी खाली दाबला. कोरडा. मग इरेला पेटून पार गुडघ्यापर्यंत घातला आणि ओरडला, “बघा, आलं पाणी!”

मुश्ताकभाईंनी वाकून बादलीत पाहिलं. “जनाब, वरून पाय घालायला जागा ठेवावी लागते.”

*

सगळ्यांचं सांगतोय तर माझंही ऐका. मी सेलमध्ये ऑनलाइन बूट घेतले. दिसायला अगदी तसेच, किमतीत निम्मे. मुश्ताकभाईंना दाखवले नाहीत. चिरनेरला एका लग्नाला गेलो आणि तिथल्या मांडवाच्या दारात उजव्या बुटाचा सोल सुटला. चष्म्याची दोरी खिशात होती, तिने बांधून परत आलो. नेमका त्यांच्या पायरीवर पाय दिला आणि सोल पायरीवर राहिला.

मुश्ताकभाईंनी चहा मागवला. पायरीवरचा सोल उचलून उलटापालटा करून पाहिला. मग हळूच विचारलं, “स्वस्त होते?”

“फारच.”

“मग दोन जोड घ्यायचे होते. एक जायला, एक यायला.”

*

शेठचा काळा जोड मुश्ताकभाईंनी कधीच वेगळा ठेवला होता. एका कॉलेजच्या पोराला नेमका तोच हवा होता. मुश्ताकभाई म्हणाले, विकला गेलाय. कुणाला, तर म्हणाले, “ज्यांना विकलाय त्यांना अजून माहीत नाही.”

*

मागच्या गुरुवारी शेठ आले, आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या रिक्षातून यमुनावहिनी उतरल्या. दर गुरुवारी नवरा कुठे जातो ते त्यांना बघायचं होतं. शेठ बूट घालून गाडीवर बसलेले, डोळे मिटलेले. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. कमरेला जुडगा. मुश्ताकभाई उठले आणि “भाभी, या” एवढंच म्हणाले. शेठनी डोळे उघडले आणि पोरासारखे उतरायला लागले.

वहिनींनी त्यांना बसा म्हणून खूण केली. खाली बसून डाव्या पायातला बूट काढून घेतला. घोट्याच्या जागी अंगठा दाबला, बाजारात पापलेट दाबून बघतात तसा. मग दोन्ही हातांनी तो पिळला. भातशेतीत राबलेले हात ते, मला बुटाची काळजी वाटली. बूट पिळला गेला नाही.

“ह्यानी घोटा वाचल?” त्यांनी विचारलं.

मुश्ताकभाईंना विक्री करायची असती तर हीच वेळ होती. ते म्हणाले, “भाभी, पडले तर लागेल. कमी लागेल. याहून जास्त मी कसम खाऊन सांगू शकत नाही.”

वहिनींनी बूट स्वतःच्या हाताने शेठच्या पायात चढवला, पट्टा ओढून बसवला, पदर खोचला आणि त्या गाडीवर मागच्या बाजूला बसल्या. एका अंगाला पाय सोडून, एक हात शेठच्या खांद्यावर. शेठनी डोळे मिटले. वहिनींनीही मिटले.

छतावर ऊन हलत होतं. वरून एक विमान गेलं, हेल्मेटच्या काचा थरथरल्या. चहा निवला, तो कुणी उचलला नाही.

मग वहिनींनी डोळे न उघडता कमरेचा जुडगा चाचपला, त्यातली एक किल्ली सोडवली आणि शेठच्या खांद्यावरून हात पुढे नेऊन पेट्रोलच्या टाकीवर ठेवली.

“जरा हलू चालवा,” त्या म्हणाल्या. “बांधावर चिखल हाय.”