नाव घ्या, बाई

शब्दाला शब्द लावून समोरच्याला गार करण्यात श्रीनिवास केतकरांचा हात धरणारा अख्ख्या पेठेत नव्हता. दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांना त्यांनी पाणी पाजलं होतं. मग त्यांची बायको, नीरजाबाई, माणसं विसरू लागल्या आणि केतकरांची वाचाच बसली. दिवाळीपासून तर त्या नवऱ्याला पाहुणा समजून "भाऊसाहेब, चहा घेणार?" असं विचारत. एकदा, फक्त एकदाच, तिनं 'अहो' म्हणून हाक मारावी, एवढंच आता या माणसाचं मागणं उरलं होतं.

म्हणून संक्रांतीला गाडी ठरवून त्यांनी तिला भोरकडच्या त्या खेड्यात नेलं. लग्नानंतर बरीच वर्षं नीरजाबाई तिथल्या शाळेत शिकवत होत्या आणि केतकर दर शनिवारी एसटीनं पुण्याहून येत. जुन्या जागी जुनं आठवतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

गाव सामसूम होतं. ऊन वर आलं तरी हवेतला गारठा हटत नव्हता. पोरं उरली नाहीत म्हणून शाळेला कुलूप लागलेलं. नीरजाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. केतकरांचा धीर सुटत चालला.

ज्यांच्या घरी नीरजाबाई भाड्यानं राहत, त्या सुशीलाबाईंच्या अंगणात हळदीकुंकू चाललं होतं. म्हातारीनं पुढं येऊन हात धरला. "बाई, वळखलं का?"

"सुशीला, तुझी गाय व्याली का गं?"

ती गाय मरूनही जमाना झाला होता. बायका हसल्या. बाहेर ओट्यावर बसलेले केतकर मात्र उठून उभे राहिले.

"नाव घ्या, बाई! येतंय का अजून?" सुशीलाबाई म्हणाल्या.

नीरजाबाईंनी पदर सावरला. चक्क लाजल्या. "भाकरीला तीळ, भोगीची भाजी, श्रीनिवासरावांचं नाव घ्यायला मी केव्हाही राजी!"

एकच हशा पिकला. केतकर पोरासारखे धावत अंगणात आले. डोळे वाहत होते आणि त्याची त्यांना लाजही नव्हती. "नीरजा, अगं, मी आलोय!"

नीरजाबाई गडबडून उठल्या. "भाऊसाहेब, शनिवारची एसटी आली का हो? हे येतील. पाणी तापलेलं नसलं ना, तर फार बोलतात. चारचौघांत बोलतात." त्या चपला शोधू लागल्या. "सुशीला, मी पळते गं."

सुशीलाबाईंनी मान खाली घातली. मधली भिंत कुडाची होती, सगळे शनिवार त्यांनी ऐकलेले होते.

केतकर दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "बाई, आज एसटी नाही. ते येणार नाहीत."

"नक्की?"

"नक्की. बसा तुम्ही."

"बरं झालं बाई," असं म्हणून नीरजाबाई पुन्हा सतरंजीवर टेकल्या आणि निवांतपणे तिळाची वडी खाऊ लागल्या.